गोळ्यांना रामराम

"सोडल्या बरं का गं गोळ्या," हेडबाई म्हणाल्या. "सगळ्या. आज चौथा दिवस."

मालिशवालीचे हात त्यांच्या गुडघ्यावर होते, तिथेच थांबले. गुडघा टरारून सुजला होता, हाताला चटका बसावा इतका गरम. तळपाय मात्र गार आणि ओलसर.

"सगळ्या म्हणजे?"

"काय?" हेडबाईंनी कान पुढे केला. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी आवाज अजून वर्गातलाच. ऐकू मात्र धड येत नव्हतं. "यंत्र घरी राहिलं माझं. मोठ्यानं बोल."

"सगळ्या म्हणजे कुठल्या?"

"त्या बारक्या पांढऱ्यासुद्धा! सात वर्षं गिळत होते. तुझ्या दारावरची पाटी येता-जाता वाचते ना मी, गोळ्यांना रामराम. म्हटलं, ठोकूनच टाकावा एकदाचा." त्या हसल्या आणि हसता हसता त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली. "जरा गरगरतंय तेवढं. सकाळी उलटी झाली. विष बाहेर पडतंय, नाही का? तूच म्हणाली होतीस."

म्हणाली होती खरी. एकदा नाही, शंभरदा. तेल चोळताना तोंड रिकामं असतं, काहीतरी बोलायला लागतं, आणि बायकांना हे बोलणं आवडायचं. हात चांगला, त्यात बोलणं गोड. बाक कधी मोकळा म्हणून राहायचा नाही.

आणि तीच, त्याच डॉक्टरांनी दिलेली बारकी पांढरी गोळी या घडीला तिच्या एप्रनच्या खिशात होती. रोज सकाळी पहिली बाई यायच्या आत ती मोरीत जायची आणि गोळी घ्यायची. वीस वर्षं दुसऱ्यांची अंगं रगडून तिची स्वतःची बोटं वाकडी झाली होती. गोळी नसती तर तेलाच्या बाटलीचं बूचही तिच्यानं उघडलं नसतं. डॉक्टरांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ही एकदम बंद करायची नाही. कमी करायची तर आम्ही सांगू तशी, हळूहळू. नाहीतर उभ्या उभ्या कोसळाल, आणि मग आमच्याही हातात काही राहणार नाही.

ती हेडबाईंच्या कानाशी वाकली. "बाई, डॉक्टरांकडे जा. आत्ताच्या आत्ता."

"अं?"

पडद्यापलीकडे बाकावर तिघीजणी बसल्या होत्या. पडदा कसला, जुनी चादर ती. मघापासून त्यांची टकळी चालू होती. "आपण तर बाई गोळीला शिवतसुद्धा नाही," असं स्टँडच्या तिकीटखिडकीवर बसणारी, ती मान आखडलेली, आत्ताच ठासून सांगत होती. आता तिकडून चकार शब्द येईना.

मालिशवालीनं हातानंच खूण केली. बोट तोंडाकडे नेलं, मान हलवली.

"पाणी? नको गं, मळमळतंय."

"गोळी!" ती ओरडली. "गोळी अशी सोडायची नसते! डॉक्टरांकडे चला!"

हेडबाईंनी तिचा गाल थोपटला. "परीक्षा बघतेस होय माझी? अगं, मी कच्च्या दिलाची नाही. तू नाही ना घेत? वीस वर्षं राबतेयस, तुला दुखत नसेल? मग तुला जमतं ते मला न जमायला काय झालं?"

त्यांचे ओठ पांढरेफटक पडले होते.

अजूनही गप्प बसता आलं असतं. हेडबाई घरी गेल्या असत्या, पुढचं पुढे. मालिशवालीच्या मनात हे आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःची इतकी शरम वाटली की तिनं तेलकट हात तसाच खिशात घातला.

"घेते!" गोळ्यांचं पाकीट तिनं हेडबाईंच्या नाकासमोर धरलं आणि घशाच्या शिरा ताणून ओरडली, "मी घेते बाई! हीच! रोज! सहा वर्षं झाली! तेलानं नाही, हिच्यावर चालतात माझे हात!"

हेडबाईंनी पाकीट लांब धरून पाहिलं, मग जवळ आणून पाहिलं. अर्धं रिकामं होतं. त्यांनी ते पलंगावर ठेवलं.

"मुलाला फोन लाव माझ्या," त्या म्हणाल्या.

मुलगा दहा मिनिटांत गाडी घेऊन आला. फोनवर डॉक्टरांनी त्याला थेट दवाखान्यात आणायला सांगितलं होतं. त्याच्या खांद्यावर भार टाकून हेडबाई निघाल्या. उंबऱ्याशी थांबल्या.

"ती पाटी उतरव," त्यांनी वर्गातल्या आवाजात सांगितलं.

मालिशवाली पडद्याच्या आत उभी राहिली. बाहेर चपला फरफटल्या, दार वाजलं, पुन्हा वाजलं. गेल्या सगळ्या. उद्यापर्यंत गावभर होईल. तिला रडू येत होतं आणि डोळे पुसायला कोरडा हात नव्हता. तिनं कोपरानंच पडदा सारला.

बाकाच्या कडेला तिकीटखिडकीवरची एकटी बसली होती. तिनं मान न वळवता सगळं अंगच दाराकडे फिरवून कुणी नाही ना ते पाहिलं, मांडीवरच्या पर्सची चेन उघडली आणि आतून एक चुरगळलेलं पाकीट काढलं.

"ताई," तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "ही जेवणाआधी घ्यायची असते, की नंतर?"