कोरा चौकोन

“काचेला चिकटवायची रबरी वाटी इथं टिकणार नाही, सर,” मेकॅनिक म्हणाला. “पहिल्याच खड्ड्यात यंत्र खाली आणि तुम्ही त्याच्यामागे.”

सर हसले नाहीत. मोटारीतला जीपीएस त्यांनी रुमालात गुंडाळून आणला होता. मोटार आता विकली होती. उरली होती ती लेकाची मोटारसायकल.

याच सरांनी शाळेत मेकॅनिकला गणितात शून्य दिलं होतं. तेव्हापासून तो शून्या. वर्कशॉपच्या पाटीवर नाव वेगळं होतं, पण गिऱ्हाइकंसुद्धा शून्याच म्हणत.

त्याने हँडलला लोखंडी पट्टा आवळला. पट्टा आणि यंत्र यांच्यामध्ये रबराच्या चार चकत्या घातल्या, म्हणजे माळावरचे हादरे आतपर्यंत पोचणार नाहीत. बॅटरीपासून वायर ओढली, पावसासाठी प्लास्टिकची खोळ चढवली. मग पडद्यावरची एक खूण बंद केली.

“हे काय केलंस?”

“हे मोटारीसाठी बनलंय, सर. आपण रस्त्यावरच असणार असं ते धरून चालतं. तुम्ही माळावर असलात तरी जवळच्या रस्त्यावर दाखवतं. आता नाही दाखवणार. जिथून जाल तिथंच रेघ उमटेल.”

“म्हणजे आता खोटं बोलायचं नाही.”

“अजिबात नाही.”

लेकाची मोटारसायकल डोंगराच्या रस्त्याकडेला उभी सापडली होती. किल्ली लावलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. तो सापडला नाही. शोधपथक पंधरा दिवस राबलं आणि परत गेलं. सर मात्र थांबले नाहीत. दर रविवारी पहाटे निघायचे, सोमवारी यंत्र घेऊन वर्कशॉपवर यायचे. शून्या रेघा कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा आणि नकाशा छापून द्यायचा. तो सरांच्या घरी भिंतीवर लागायचा. सरांच्या बायको, काकू, त्याच्यासमोर बसून जेवायच्या. त्याआधी काही महिने त्यांनी अन्न जवळजवळ सोडलंच होतं.

पहिल्याच सोमवारी सर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. पिशवीतला थर्मास त्यांनी बाकावर ठेवला.

“याचं निळं झाकण कुठं गेलं, सर?”

“पडलं काल डोंगरात. वय झालं की वस्तू सांडतात.” मग त्यांनी विचारलं, “शून्या, एखादी रेघ पुसता येते का रे?”

“येते. पण पुसू नका. तीच जागा पुन्हा शोधत बसाल.”

“बरोबर आहे,” सर म्हणाले. “नकोच पुसायला.”

पावसाळा गेला, थंडी आली. सरांच्या रेघा आलेखाच्या कागदासारख्या होत्या, समांतर, सारख्या अंतरावर. एका जागी मात्र दर खेपेला गाठ दिसायची.

“इथं पाऊण पाऊण तास थांबता, सर?”

“झाड आहे तिथं. पाय आखडतात, विसावा घेतो.”

त्या आठवड्यात नवा नकाशा द्यायला शून्या स्वतः घरी गेला. सर बाजारात गेले होते. काकूंनी चष्मा लावला, बोट कागदावरून फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

“हे कोरं का रे?”

शून्याने वाकून पाहिलं. जुन्या खाणीच्या मागे, त्या गाठीला लागूनच, एक चौकोन रिकामा होता. चारी बाजूंनी रेघा आलेल्या, आत एकही नाही.

“यांच्या हातून चौकोन राहतो?” काकू म्हणाल्या. “हे तर भाजीच्या पिशवीतली वांगीसुद्धा दोनदा मोजतात.”

“चुकून राहिला असेल, काकू. मी विचारतो.”

सोमवारपर्यंत त्याला धीर निघाला नाही, त्याने फोन केला.

“दलदल आहे तिथं,” सर म्हणाले. “चाक रुततं. आणि या रविवारी मी पूर्वेच्या उतारावर असणार. तू आपलं वर्कशॉप बघ.”

शून्याला वाईट वाटलं. सर थकले होते, दुसरं काय. एवढा डोंगर पिंजून काढलेल्या माणसाला त्याची चूक कशी दाखवायची? त्याने काकूंनाच सांगितलं, “रविवारी मीच जाऊन येतो. सरांना बोलू नका, उगाच मनाला लावून घेतील.”

“जा,” काकू म्हणाल्या. “तो सापडला नाही तोवर कुठंतरी आहे, असं म्हणून मी सकाळी उठते, शून्या. पण बघ तू. पोचलास की फोन कर.”

रविवारी उजाडता उजाडता तो खाणीच्या मागच्या बाजूने चढला. हवेत बोचरा गारठा होता. खाली कुठंतरी एक मोटारसायकल उतरत होती. त्या इंजिनाचा आवाज त्याला ओळखीचा वाटला, पण वाऱ्यात नीट कळला नाही.

दलदल नव्हतीच. पायाखाली सगळा कातळ होता, हाडासारखा कोरडा. त्याने गाडी लावली आणि चालत पुढे गेला. तिथल्या एकुलत्या एका झाडाखाली दगडांची रास होती, माणसाच्या लांबीची. मोठे दगड खाली, लहान वर, चारी कोपरे काटकोनात. फटींमध्ये पावसाळ्यात उगवलेलं गवत आता वाळून पिवळं झालं होतं.

खिशात फोन वाजू लागला. पडद्यावर काकूंचं नाव होतं.

राशीच्या डोक्याशी, सपाट दगडावर, थर्मासचं निळं झाकण ठेवलेलं होतं. त्यात काठोकाठ चहा होता, आणि त्याची वाफ अजून निघत होती.