शिमग्याचा डाव

"पंचवीस!" गुणाजी एवढ्या जोरात ओरडला की हातातल्या कवड्या जमिनीवर सांडल्या.

धुळवडीमुळं गिरणी बंद होती. लालबागेतल्या त्याच्या खोलीत सोंगट्यांचा पट मांडला होता. दौलत, हरेश्वर आणि आनंदा हे तिघे त्याच्याच खात्यातले. दरवर्षी शिमग्याला ते त्याच्याकडं खेळायला यायचे. यंदा प्लेगनं निम्मी चाळ ओस पडली होती, तरी गुणाजीनं काल घरोघर जाऊन बोलावलं. बायको गावी गेली, असं त्यानं सांगितलं होतं.

पण बायको, रखमा, खोलीतच गोणपाटाच्या पडद्याआड पडली होती. तीन दिवस ताप होता. काल काखेत गाठ आली. ती कण्हली की गुणाजी ओरडायचा. तो ओरडला की बाकीचेही ओरडायचे. तपासणीवाले रोज चाळी धुंडाळत होते. त्यांनी इस्पितळात नेलेलं या चाळीतलं एकही माणूस परत आलं नव्हतं.

जिन्यावर बूट वाजले.

"खेळा रे, खेळा! शिमगो आसा!" गुणाजीचा आवाज फाटला.

दारात गोरा साहेब आणि दोन शिपाई उभे राहिले. हरेश्वरनं सोंगटी मारली. आनंदानं तोंडावर हात नेऊन बोंब ठोकली. साहेबानं नाक मुरडलं आणि तो पुढच्या खोलीकडं वळला.

गुणाजीनं श्वास सोडला. तेवढ्यात पडदा हलला. भिंतीला धरत रखमा बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला आणि दारापाशी जाऊन शिपायाला हाक मारली.

"माका न्हेवा. काखेत गाठ इलीहा. हे पाव्हणे आसत. हेंका कायव म्हायत नाय. हेंका धरू नकात."

गुणाजी उठून तिच्यामागं दारापर्यंत गेला. ती त्याच्याकडं न बघताच शिपायांनी मागवलेल्या डोलीत बसली. डोली जिना उतरली. खालच्या गल्लीत पोरं रंग उडवत होती, ती बाजूला झाली.

गुणाजी उंबऱ्यावर बसला. तो म्हणाला, "माफ करा रे. तुमका फसवलंय मी."

दौलत त्याच्याशेजारी येऊन टेकला.

"फसवलंस नाय रे. आमका कालच कळला होता. वयनीचो आवाज बाहेर जाव नये, म्हणान तर इलंव."