जरासा बाजूचा रंग

लेक नवऱ्याचं घर सोडून आल्याला चार महिने झाले, तरी आई कारण काही विचारत नव्हती. रोज संध्याकाळी नेमाने लेकीच्या खोलीत यायची, कपड्यांच्या घड्या घालायची, शेजारपाजारचं काहीबाही सांगून जायची. लेकीला वाटे, हिला माझं काही पडलेलंच नाही.

आज डबा द्यायला आई लेकीच्या प्रयोगशाळेत आली. पडद्यावर अणूंचा इवलासा ढग दिसत होता.

"इतके गार केलेत की एकमेकांना ओळखही देत नाहीत," लेक म्हणाली. "मी त्यांना लेझरच्या प्रकाशाने जवळ आणते."

"मग टाक की भरपूर."

"ते ज्या रंगाचा प्रकाश गिळतात नेमका तोच टाकला, तर तापून पळून जातात गं. रंग जरासा बाजूचा ठेवायचा आणि धीर धरायचा."

"ते ठाऊक आहे मला."

लेकीला हसू आलं. "तुला कुठून ठाऊक?"

"आलीस त्या दिवशी मी तुला सरळच विचारलं होतं. भरल्या ताटावरून उठलीस. दोन दिवस जेवली नाहीस."

 लेकीने आईला बसायला स्टूल ओढून दिलं आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागली.