सोबतीचा माणूस

भीती नष्ट करता येत नाही, ती फक्त एका मनातून दुसऱ्या मनात हलवता येते, हा मानवजातीला नम्र करणारा शोध होता. मिरजेत डॉ. हुद्दारांच्या दातांच्या दवाखान्यात ते दुसरं मन बहुतेक वेळा जावयाचं असे.

"भूल कोणती देऊ? इंजेक्शन, गॅस की नातेवाईक?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं होतं.

"नातेवाईक," अण्णा म्हणाले आणि त्यांनी हेरंबकडे पाहिलं. रक्ताच्या नात्यात भीती उलटून परत येते, म्हणून त्यांची मुलगी सुटली. सासऱ्यांना नाही म्हणायची सोय मात्र विज्ञानाने अजून शोधलेली नव्हती.

आता अण्णा खुर्चीत ऐसपैस पसरले होते. शेजारच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेल्या हेरंबच्या कपाळाला तार चिकटवली होती. त्याची बत्तिशी ठणठणीत होती, पण तळहात घामेजले होते आणि छातीत अण्णांची सत्तर वर्षांची धडधड चालू होती.

"डॉक्टर, सोडा मला," तो कसाबसा म्हणाला.

"मध्येच तार काढली तर भीती कायमची तुमच्याकडे राहील," डॉ. हुद्दार म्हणाल्या. "हलू नका."

"एवढ्याला काय घाबरायचं, जावईबापू?" अण्णा म्हणाले. "लहान पोरंसुद्धा बसतात हो गप्प. डॉक्टर, जमलंच तर अक्कलदाढही बघून टाका."

काहीतरी बारीकसं वाजलं. हेरंबने डोळे गच्च मिटून घेतले.

"झालं," म्हणत डॉक्टरांनी तार काढली.

आज फक्त एक्स-रे होता. दाढ मंगळवारी काढायची होती.