नळीतलं जेवण

सिरिंज उंच धरून मंजुळाबाईने डाळीचं पाणी आपोआप उतरू दिलं, मागून साध्या पाण्याने नळी धुतली, टोपण लावलं. नवऱ्याच्या, चुडामणच्या, नाकातल्या नळीचं हे काम तिने अगदी शिकवल्याबरहुकूम केलं आणि उठता उठता भिंतीला धरून मटकन खाली बसली.

हेमलता सिस्टर दोंडाईचाहून पेशंटला घरी बघायला आली होती. तिने पेशंट सोडून बायकोचंच मनगट धरलं.

"अक्का, सकाळपासून काय खाल्लंत?"

"च्या पिनू ना."

"आणि जेवण?"

"त्यासनं व्हऊ द्या पहिले."

"आत्ताच तर झालं! तुम्हीच दिलं."

"ते काय जेवन शे का, ताई? ते तं नळीम्हा गयं. त्या कोठे जेवनात?" तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या आधी तिने घास तोंडात घातला नव्हता. दवाखान्यात सून बळेच डबा उघडून द्यायची. आता घरी आल्यावर पुन्हा आपलं घर, आपली रीत. पण दिवसभर ही वाटी वाटी चाललेली. यातली न्याहारी कुठली, जेवण कुठलं? बिचारीच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

जबड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात चुडामणची वाचा गेली होती, कान शाबूत होते. त्याने खाटेवर थाप मारली आणि हाताच्या खुणेने ताट मागितलं.

तोंडाने तर पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता. मंजुळाबाईने हेमलताकडे पाहिलं. हेमलता म्हणाली, "आणा. मी आहे."

भाकरी आणि उडदाची डाळ आली. चुडामणने ताट मांडीवर घेतलं, भाकरी कुस्करली, डाळीत नीट कालवली. पण घास काही केला नाही. हात फडक्याला पुसले आणि ताट बायकोपुढे सरकवलं.

आता काय म्हणणार? त्याचा हात लागलेलं ताट ते. ती पाठमोरी होऊन जेवू लागली. त्याने खांद्याला धरून तिला आपल्याकडे वळवलं.

तिने घास गिळला, तसा त्याच्याही गळ्यातून आवंढा उतरला. दुसरा घास, पुन्हा आवंढा.

हळूहळू जेवावं की भरभर उरकून टाकावं, हेच मंजुळाबाईला कळेना.