उतरलेलं वजन

कुंतानं पोलक्याची बाजू पुन्हा आत घेऊन शिवली आणि अंगात घालून पाहिलं. तरी ते खांद्यावरून ढळतच होतं.

"आता नवंच शिव," बिसनलाल दारातून म्हणाला. नवऱ्याच्या आवाजातला आनंद तिला पाठमोरी असतानाही कळला.

त्यांचा एकुलता एक मुलगा धनेंद्र देवरीच्या रस्त्यावर अपघातात गेला, तेव्हापासून कुंता खात सुटली होती. भूक म्हणून नाही. जेवण आटोपल्यावर, भांडी घासताघासता, उभ्याउभ्या. गूळ, शेव, उरलेला भात, हाताला लागेल ते. तोंड चालू असलं की तेवढा वेळ छातीतलं काही हलत नसे. अंग सुटलं, गुडघे धरले, रक्तदाब वाढला. एकदा बिसनलालनं तिला कोठीत गुळाच्या ढेपेपुढे बसलेलं पाहिलं आणि तो तिथंच रडू लागला. पोरगा गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता.

"तू बी गेली त मी कोनासाठी जगू?"

"आता नाही खात," कुंतानं शब्द दिला.

दुसऱ्या दिवसापासून ती भल्या सकाळी फिरायला जाऊ लागली. आमगावच्या स्टेशनापर्यंत जायचं आणि परत यायचं. घरी एक पोळी, भाजी, पातळ वरण. गोडाला हात नाही. तिच्या सोबतीनं बिसनलालनंही चहातली साखर सोडली. बरेच दिवस काही फरक पडला नाही. मग वजन उतरू लागलं, आणि उतरतच गेलं.

शेजारची रुख्मा दारावरून जाताना थबकली. "काऊन वो, तू त अर्धी झाली! काय करून राहिली?"

"चालून राहिली."

"मनावर घेतलं तिनं," बिसनलाल मध्येच बोलला आणि हसला. त्या घरातलं माणूस हसलेलं रुख्मानं फार दिवसांनी पाहिलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी काटा पुन्हा तपासला. "मावशी, फारच झपाट्यानं उतरलंय. थकवा येतो?"

"वय झालं आता."

"खाणं खरंच कमी केलंय ना? खाणं पहिल्यासारखंच असेल आणि तरी वजन असं घटत असेल, तर ते चांगलं लक्षण नाही. लगेच नागपूरला तपासणीला पाठवावं लागेल."

कुंतानं बिसनलालकडे पाहिलं. शाळेत पोराचा निकाल ऐकायला बसावं तसा तो खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"गोडाले हात लावत नाही जी ते," तो म्हणाला. "मी रोज पाहून राहिलो ना."

"हो," कुंता म्हणाली. "सोडलं सारं."

"मग उत्तम!" डॉक्टरबाई हसल्या. "चालणं मात्र सोडू नका."

दुसऱ्या सकाळी ती निघाली. पावलं जड पडत होती, धाप लागत होती. वाटेतल्या पारावर तिला बराच वेळ टेकावं लागलं.

स्टेशनाबाहेरच्या नाश्त्याच्या टपरीवरून श्यामलालनं तिला लांबूनच पाहिलं. काही न विचारता त्यानं कढईतले आलुबोंडे कागदावर काढले, शेजारी जिलेबी ठेवली आणि बाकडं पुसलं.

"बसा काकी. पहिल्या दिवसापासून तुमचा एक खाडा नाही, म्हटलं आज काऊन येऊन नाही राहिल्या?"