माणशी एक बादली

“डोकं सांभाळ! दार बुटकं हाय,” सर्जेराव ओरडला.

कडूबाई ताठ मानेनं दारातून आत गेली. साडेचार फुटांच्या बाईला युद्धनौकेचं दार काय लागणार? मागून येणाऱ्या सर्जेरावलाच वाकावं लागलं.

‘दुधना’ भंगारात निघाली तेव्हा तिची एक तोफ, घंटा, भट्टी, नाविकांची झोपायची खोली असं काय काय ट्रेलरवर लादून इथं आणलं होतं. गंगापूर रस्त्यावरच्या कापसाच्या एका बंद जिनिंगच्या शेडात संग्रहालय झालं. नाव मराठवाड्यातल्या नदीचं, म्हणून जहाज मराठवाड्यात. नदीला पाणी नाही अन् जहाजाला समुद्र नाही, जोडा बरा जमला.

याच जहाजाच्या इंजिनखोलीत सर्जेरावनं पंधरा वर्षं काढली होती. आता उतारवयात तो तिथं गाइड होता. चार वर्षांत शाळा येऊन गेल्या, बचत गट येऊन गेले, मोठमोठे साहेब येऊन गेले. बायको तेवढी आली नव्हती.

घरात कशावरूनही वाजलं की कडूबाईचं एकच वाक्य ठरलेलं असायचं. “तुमी कुठं व्हते?” विशाखा जन्मली तवा कुठं व्हते? तुमचा बाप गेला तवा कुठं व्हते? लेक सात महिन्यांची झाल्यावर त्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं अन् तिनं त्याला बघून भोकाड पसरलं, हेही कडूबाई न चुकता ऐकवायची. सर्जेरावच्या ते जिव्हारी लागायचं. मी तिकडं काय चैन करत होतो? एकदा तिनं डोळ्यांनी बघावं अन् म्हणावं, ‘लई सोसलंत.’ एवढंच त्याला हवं होतं. चाळीस वर्षं हवं होतं.

आज नळाचा दिवस नव्हता, म्हणून ती आली.

त्यानं तिला भट्टी दाखवली. “हिच्यापुढं आठ-आठ तास उभा राहायचो. अंगाचं पाणी पाणी व्हायचं.”

“व्हय,” कडूबाई म्हणाली.

मग तीन मजली खाटा दाखवल्या. वरच्या खाटेवर कूस बदलायची तर छताला खांदा लागायचा. गंगापूरहून जीप भरून आलेली मंडळी मागोमाग येत होती. ती “अगं बया!” “बाप रे!” करत होती. कडूबाईचं आपलं “व्हय.” सर्जेराव मनातून खट्टू झाला, पण त्याचा हुकमी पत्ता अजून शिल्लक होता.

तो शेवटच्या कोपऱ्यात आला. तिथं गोड्या पाण्याचा नळ होता, नळाला कुलूप होतं आणि खाली जस्ताची बादली.

“चहूकडं पाणी, पण सगळं खारं,” त्यानं आवाज चढवला. “गोडं पाणी माणशी एक बादली. चोवीस तासाला! आंघोळ त्यातच, दाढी त्यातच, कपडे त्यातच.” मग तो खास बायकोकडं वळला. “अशी पंधरा वर्षं काढली. कळलं का आता, विशाखाची माय, मी कुठं व्हतो?”

कडूबाई खाली वाकली. इतक्या वेळात तिनं पहिल्यांदाच कशाला तरी हात लावला. बादली उचलून, फिरवून तिनं अंदाज घेतला.

“एवढी मोठी?” ती म्हणाली. “रोज? अन् एकट्या माणसाला?”

आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखरच नवल वाटलं होतं. गंगापूरची एक बाई फिसकन हसली. “मग मजाच व्हती की तुमची!” सर्जेरावही हसायला गेला, पण हसू काही फुटेना.

नौदल सोडून आला त्याच दिवशी त्यानं घरात जाहीर केलं होतं, ‘पंधरा वर्षं एका बादलीत काढली, आता मला रोज दोन लागतील.’ तेव्हापासून रोज सकाळी न्हाणीत दोन बादल्या भरलेल्या असायच्या. शहराला पाणी दोन दिवसांआड यायचं तेव्हा दोन. चार दिवसांवर गेलं तेव्हाही दोन. आता नळ आठ दिवसाला येतो, तरी दोनच. ते पाणी कुठून उरतं, हे त्यानं कधी विचारलं नाही. न्हाणीच्या दाराआड एक तपेली असायची, दोन तांबेही मावणार नाहीत एवढी. ती कशाला ठेवलीय, हेही कधी विचारलं नाही.

आता विचारायची गरज उरली नव्हती. जहाजावरच्या पंधरा वर्षांचा जबाब त्याच्याकडं तयार होता. पण त्यानंतरची तेहतीस वर्षं तर तो घरातच होता. या घडीला तिनं विचारलं असतं, तुमी कुठं व्हते, तर काय सांगितलं असतं? सर्जेरावला स्वतःची लाज वाटली. चारचौघांत कान धरावेत इतकी वाटली.

तिनं विचारलं नाही. बादली जागच्या जागी ठेवली, नीट सरळ केली, अन् पदराला हात पुसले.

“चला,” ती म्हणाली. “क्रांती चौकाची रिक्षा निघून जाईल.”

पुढच्या आठवड्यात त्या बादलीशेजारी पोचे आलेली एक तपेली दिसू लागली. तिच्याखाली पाटी नव्हती. सहलीला आलेल्या एका शाळेच्या बाईंनी ती बरोब्बर हेरली.

“काका, ही पण जहाजावरचीच का?”

“नाय बाई, ही आमच्या घरची,” सर्जेराव म्हणाला. “आता आमच्यात बी माणशी एक बादली हाय. हिचं काम उरलं नाय.”